फाटकावरची झडती

केदार धात्रकने बिटको चौकातल्या हापिसात
माझ्या फोनवर ॲप टाकून दिलं.
म्हणाला, काकू, हे खोटे दहा लाख.
खेळा महिनाभर, मग खऱ्याचं बघू.

खोटे दहा लाख.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात
तपासणीला होते मी.
ताव समोरून सरकायचे,
शाई फुटलेली, आकडा तिरका,
कडेला पांढरी रेघ राहिलेली,
की तांबड्या पेन्सिलीची खूण आणि ताव बाजूला.
दहा लाख म्हणजे चहाच्या सुट्टीआधीचं काम.
आणि संध्याकाळी फाटकावर झडती:
डबा उघडा, पिशवी उलटी करा,
अंबाड्यातला आकडा काढून दाखवा.
पैसा हाताला लागायचा, अंगाला नाही.

तर म्हटलं, खेळ कसला. तपासू.

दोनशे पानी वही आणली.
तांबडी पेन्सिल घरात होतीच.

सोमवारी सव्वानऊला बाजार उघडला
आणि पडद्यावर एक चक्र फिरत राहिलं.
बावीस सेकंद. तांबडी खूण.

खरेदी हिरवी, विक्री तांबडी,
मधे नखाएवढी जागा,
आणि माझा अंगठा संधिवाताचा. खूण.

मुद्दाम एक शून्य जास्त टाकलं.
ॲपने हूं की चूं केलं नाही.
दोन खुणा.

मुक्तिधामच्या मागे एक तळघरातलं दुकान आहे,
तिथे रेंज मरते हे मला माहीत होतं.
जिन्यावर सौदा टाकला आणि उतरले.
दुकानदार म्हणाला, काय दाखवू?
म्हटलं, काही नको, रेंज जाते का बघतेय.
त्याने मला एक स्टूल दिलं.
वर आले तर सौदा झाला की नाही
मला कळेना, आणि ॲपलाही.

थांब म्हटल्यावर मात्र थांबलं. दोनदा.
तोटा सांगितल्या जागी कापला.
हेही लिहिलं,
चांगला ताव बाजूला टाकणं
आमच्याकडे चूकच धरत.

पण एक गोष्ट खटकत राहिली.
मागेन तो भाव मिळे. रोज. पैशाचाही फरक नाही.
इतका सरळ ताव मी
एकतीस वर्षांत पाहिला नव्हता.
केदार म्हणाला, काकू, खोट्यात असंच असतं,
समोर विकणारा कुणी नसतोच ना.

महिन्याअखेर एक्केचाळीस हजार नफा.
पुण्याहून लेक म्हणाली, आई,
मग वाट कसली बघतेस?
मी वही पुन्हा पहिल्यापासून वाचली.
सगळीकडे ॲपच्या खुणा.
माझं बोट एकदाही थरथरलं नव्हतं,
एकदाही रात्री उठून मी फोन पाहिला नव्हता.
ते कुठल्या रकान्यात लिहायचं
ते काही सुचेना. जागा सोडली.

मग आठवलं, फाटक राहिलं.
आत सगळं पाहिलं, पैसा बाहेर कसा येतो
ते खोट्यात दिसतच नाही.

खरे शंभर रुपये भरले.
काही घेतलं नाही. हिरव्याकडे बघितलं, तांबड्याकडे बघितलं,
आणि तेवढेच परत मागितले.

मंगळवारी मागितले.
बुधवारी ‘प्रक्रियेत आहे’.
बुधवारी रात्री दोन वाजता मी उठले
आणि फोन पाहिला.
शंभर रुपयांसाठी.
सोडलेली जागा तेव्हा भरली.

गुरुवारी आले. पुरते शंभर.
जेलरोडच्या एटीएममधून काढले,
आणि बाहेर, दुपारच्या उन्हात,
नोट दोन्ही हातांनी वर धरली.
कड बघितली, आकडा बघितला, तार बघितली.
मागच्या रांगेतला मुलगा म्हणाला,
आजी, खोटी आहे का?

नाही रे. चांगली आहे.
ठेवली पिशवीत. घरापर्यंत
कुणी अडवलं नाही.

केदारचा निरोप पडलाय:
काकू, कधी सुरू करताय?
पेन्सिलीला टोक काढतेय, म्हणून कळवलं.