पडले नाही, बसले

बिबवेवाडी, ओटा स्कीम, तिसरी गल्ली.
रजिस्टरात रकाना : गेल्या वर्षी किती वेळा पडलात?
शेवंताबाई काळोखे, वय एक्क्याऐंशी,
म्हणतात, "पडले नाही गं. बसले."
मोरीच्या उंबऱ्याशी, पहाटे, नळाला पाणी आलं तेव्हा.
दीड तास बसल्या होत्या.

धरायची दांडी आरोग्य खात्याकडे,
ती ठोकणारा माणूस भवन खात्याकडे,
गल्लीतली उखडलेली फरशी पथ विभागाकडे,
चष्म्याचं शिबिर पुढच्या महिन्यात, तेही कोथरूडला.
मी फोन लावत राहते.

तोवर त्यांनी
खिडकीच्या गजाला जुन्या लुगड्याचा पीळ बांधलाय.
धरून दाखवतात, दोनदा.
"ओढून बघ."
मी ओढते, सगळं वजन टाकून.

मग रकान्यातला आकडा खोडून लिहिते :
बसल्या. एकदा.