अकरा खिसे

फॉर्मवर विचारलं होतं : मुलासाठी स्वतंत्र जागा आहे का?
मी लिहिलं, आहे.
मग घरी येऊन जागा शोधली.
दांडिया बाजारातली दीड खोली,
कपाट आणि बारी यांच्यामध्ये
(खिडकीला आम्ही बडोद्याचे लोक बारीच म्हणतो)
साडेतीन हात भिंत, पोपडे आलेली.

तेवढीच.

माळ्यावरून घागरा काढला,
एकवीस वर्षांपूर्वी नऊ रात्री घुमलेला.
घेर उलगडत गेले तर खोली संपली,
उरलेला गॅलरीत गेला.
आरसे एकेक उसवले. चार वर्षांची आहे, तोंडात घालील.
आरशांच्या जागी राहिली
दोऱ्याची रिकामी वर्तुळं.

त्यावर खिसे लावायचे.
खिसे तयार असतातच, माणसं शोधावी लागतात.
भाऊंच्या खाकी पँटचा, प्रतापनगरच्या वर्कशॉपातला :
आत अजून ग्रीजचा वास,
इस्त्री फिरवली की जास्तच.
माझ्या जीन्सचे मागचे दोन,
एकावर पासाचा चौकोन उमटलेला.
हंसाबेनच्या चिरागचा, शाळेच्या शर्टाचा,
शाई नेमकी तिथेच सांडलेली. मी डाग ठेवला.
रावपुऱ्यात युनूसभाई पँटी आखूड करून देतात,
त्यांनी मूठभर दिले, न मोजता.
त्यातला एक लग्नाच्या कोटाचा, आतला, साटिनचा.
'नवरदेव फुगला,' म्हणाले, 'कोट नाही फुगला.'

जाड जीन्सवर दोन सुया मोडल्या.
तिसरी माझ्या बोटात.
उशीत भरले एकटे राहिलेले मोजे
आणि बनियनांच्या पट्ट्या, बोटभर कापून,
म्हणजे गाठी होत नाहीत.

ती आली फेब्रुवारीत, मंगळवारी.
उशीकडे पाहिलंसुद्धा नाही.
फरशीवर निजली, कपाटाला पाठ लावून.

कितव्या दिवशी ते आठवत नाही,
तिने खाकीवर बोट ठेवलं.
'आ कोनुं खिस्सुं?'
'तारुं.'
दोन महिने पाठ केलेलं उत्तर.
तिने मान हलवली, मास्तरीण हलवते तशी.
'कोनुं?'

तेव्हा सांगितलं. भाऊ. रेल्वे. ग्रीज. तंबाखूची डबी,
जी घरात कुणाला माहीत नव्हती आणि सगळ्यांना माहीत होती.
तिने नाक आत घातलं, हुंगलं,
बोट पुढच्या खिशावर सरकलं.
ती जिथून आली तिथे
फ्रॉक आधी कुणाचा तरी असतो, चप्पल असते,
जन्मतारीख तर अंदाजाने लावलेली.
तिला आधीच्या माणसाचं नाव हवं होतं,
फुकट नको होतं काही.
फुगलेल्या नवरदेवाला ती हसली.
पहिल्यांदा, आणि लगेच तोंड मिटलं.

रविवारी भिंतीवर मुंग्यांची रांग.
बारीच्या चौकटीतून, घागऱ्याच्या काठाने,
रिकाम्या वर्तुळांना वळसे घालत
थेट भाऊंच्या खिशात.
आत अर्धं बिस्कीट, पोळीचा घट्ट झालेला तुकडा,
गूळ, फडक्यात नीट बांधलेला.
ती कपाटाला टेकून बघत होती
माझा हात आता काय करतो.

हाताने दुधाची पिशवी धुतली.
उलटी करून दोरीवर वाळवली.
खिसा तीन बाजूंनी उसवला,
आतून पिशवीचं अस्तर लावलं.
प्लॅस्टिक मशीनखाली सरकत नाही,
वर वर्तमानपत्र ठेवून शिवावं लागतं
आणि मग टाक्यांतून फाडून काढावं लागतं.
ते फाडायचं काम तिला दिलं.
वर जीन्सचं झाकण, टिचबटण.

मग पुडा तिच्या हातात ठेवला.
'केटलां मूकुं?'
'माय एटलां,' मी म्हटलं. मावतील तेवढी.

सहा मावली.
रात्री दिवा मालवल्यावर ऐकू आलं
बटण उघडल्याचं, लागल्याचं,
पुन्हा उघडल्याचं.
शिवणीत अडकलेल्या बातमीचा एक कपटा
सकाळी तिच्या केसांत होता.