साडेसातशे मिली

जैसलमेर रद्द झालं तेव्हा डॉक्टर एवढंच म्हणाले,
दवाखान्यापासून तीन तासांच्या आत राहा.
घरी येऊन मी जिल्ह्याचा नकाशा पसरला,
प्रमिलाची बांगडी ठेवली, नाशिक मधोमध,
आणि पेन्सिल फिरवली.
पूर्वेच्या कडेला एक कोरडा तुकडा सापडला :
येवल्यापुढचा माळ, राजापूर, ममदापूर.
ती म्हणाली, चालेल. वाळू तशीही डब्यात जाते.

गाडी म्हणजे शाळेची जुनी व्हॅन.
ओझरला तीस वर्षं विमानांचे रिव्हेट ठोकले,
एक पलंग, एक शेगडी आणि छताला एक हुक बसवायला
मला कुणाला हाक मारावी लागली नाही.
हुक महत्त्वाचा. त्यावर पिशवी टांगायची,
दिवसातून चारदा, दोन-दोन लिटर,
मूत्रपिंडांनी सोडून दिलेली नोकरी करायला.
मागच्या काचेवर लिहिलंय, सावकाश, मुले आहेत.
ते मी खरवडलं नाही.

निफाडपर्यंत द्राक्षं. विंचूरला कांद्याचा वास.
येवल्यात पैठणीच्या पाट्या, पाट्यांवर मोर,
मग पाट्या संपतात, मोरही.
अंकाईचा किल्ला लांबूनच पाहिला,
माझ्या छातीत दोन स्प्रिंगा आहेत,
त्यांना पायऱ्या आवडत नाहीत.
ताशी चाळीस. मागचे हॉर्न वाजवतात,
मग बहुतेक काच वाचतात आणि गप्प होतात.

तिला दिवसाला साडेसातशे मिली पाणी.
चहा त्यातच, वरण त्यातच,
गोळ्यांमागचे घोटही त्यातच.
तांब्याला तिनं आतून नेलपॉलिशची रेघ मारलीय.
माळावर उतरली, चप्पल काढली,
करपलेल्या कुसळांकडे बघत राहिली बराच वेळ.
म्हणाली, ह्यालाही कुणीतरी रेघ मारून दिलेली दिसते.

मेंढरांमागून एक ठकूबाई आली,
विचारपूस करायच्या आत तिनं बाटली पुढे केली.
उन्हात पुढे आलेल्या पाण्याला नाही कसं म्हणायचं?
प्रमिलानं एक घोट घेतला,
तोंडात धरला, गालात फिरवला, मग सोडला.
माझ्या कानात : वीस मिली, लिहून ठेवा.
ठकूबाई म्हणाली, हरणं बी अशीच पितात बाई,
थोडं. आन् येळ लावून.

दुपारची पिशवी मी बॉनेटवर टॉवेलात गुंडाळून ठेवलेली,
फुकटचं ऊन, अंगाइतकी कोमट झाली.
मग काचा बंद, पंखा बंद, दोघांच्या तोंडाला मास्क.
हात धुवायचे, पुन्हा धुवायचे.
आधीचं पाणी खालच्या पिशवीत उतरू लागलं,
वाळल्या गवताच्या रंगाचं.
वीस मिनिटं हलायचं नाही.
आत इतकं तापलं की माझा चष्मा घामानं घसरला,
तो सावरायला हात उचलला, तर तिनं डोळ्यांनी थांबवलं.

काचेपलीकडे काळवीट.
पाठ काळी, पोट पांढरं, शिंगं पिळलेली,
डोळ्याभोवती पांढरं वर्तुळ, कुणी चुन्यानं काढल्यासारखं.
मागे माद्या, सात, नाही, नऊ.
बोरीच्या झुडपाला तोंड लावून एक तर इतकी जवळ
की तिचा कान माशीला झटकताना दिसत होता.
आयुष्यभर मी जंगलात गडबड केली आहे,
कॅमेरा काढ, दार उघड, अगं ते बघ.
ह्या खेपेला नळीनं बांधून ठेवलं होतं,
तिला नळीनं, मला तिनं.
वरची पिशवी रिकामी झाली तरी
प्रमिलानं चिमटा लावायला सांगितलं नाही लगेच.

अंधाराआधी गाडी वनखात्याच्या गेटपाशी लावली.
रात्री मला समोरचे दिवे फुटलेले दिसतात,
त्यामुळे चाक सूर्याबरोबर थांबतं.
वापरलेल्या पिशव्या पेटीत, घरी न्यायच्या,
माळावर आपलं काही ओतायचं नाही.
मुलाचा पुण्याहून फोन : काही त्रास?
तिनं सांगितलं, नऊ. त्याला कळलं नाही.

मग टॉर्चच्या उजेडात तिनं तांब्यात पाहिलं.
चाळीस मिली उरलेत.
ते उद्यात धरता येतात का हो?
डॉक्टर नाही म्हणाले होते.
मी म्हणालो, इथे चालत असेल.