कारणाचा रकाना

कलेक्टर कचेरीबाहेर, कडुनिंबाखाली, तिसरं टेबल.
सत्तावीस वर्षं तिथे मी अर्ज टाइप करतो.
शस्त्र परवाना: नवा, नूतनीकरण, वारसाहक्काने बदली.
कारणाच्या रकान्यात सगळ्यांचं एकच:
जिवाला धोका.
भिंडचा ठेकेदार, मुरारचा गजकवाला,
ज्याच्या जिवाला धोका फक्त स्वतःच्या गजकेचा आहे, तोही.
मी विचारत नाही. शंभर रुपये, तीन प्रती.
बोटांना अक्षरं न बघता सापडतात.

आमच्या ग्वाल्हेरात बंदूक खांद्याला असते,
दुसऱ्या गावी छत्री असते तशी.

शनिवारी, गर्दी ओसरल्यावर, माझा स्वतःचा लावला.
अर्जदार: श्रीरंग विठोजी भापकर, दौलतगंज, लष्कर.
शस्त्र: बारा बोर, दोन नळ्यांची, मयत वडिलांच्या नावे.
वैवाहिक स्थिती: अविवाहित.
(एवढ्या एका शब्दात हे बसेल असं ज्याला वाटलं
तो फॉर्मवाला नक्की विवाहित असणार.)
कारण:
आणि बोटं थांबली.

गेल्या फाल्गुनात भानुप्रतापला कुणी फोनवर गोड बोलून
कटोरातालच्या मागे बोलावलं. एक होता, चौघे निघाले.
घड्याळ, साडेसहा हजार, आणि पुढचा एक दात.
ठाण्यात हवालदार म्हणाला, तिथे गेलाच कशाला?
मी म्हणालो, साहेब, ते कलम गेलं आता.
तो म्हणाला, कलम गेलं. गल्ली आहे ना अजून.

रविवारी आम्ही अकरा जण जमतो
झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, चपला आत काढून,
म्हणजे जिन्यावर कुणी मोजायला नको.
लोकेंद्र म्हणाला, एकाकडे तरी असावी.
कुणाकडे आहे ते त्यांना कळता कामा नये,
मग अकराही जणांकडे असल्यासारखंच.
पुखराज गुरू पान दाढेखाली सारत म्हणाल्या,
बेटा, ती उडाली तर मार कुणी खाल्ला होता
हे कुणी विचारणार नाही.
उडवली कुणी, ते सगळे विचारतील.
माझ्याकडे टाळी आहे. तिला परवाना लागत नाही.
टाळीने माझा दात वाचला असता का, भानुप्रताप म्हणाला,
त्या फटीतून अजून जरा हवा सुटते,
कुणी हसलं नाही. पुखराजही.

मी काही बोललो नाही.
ती बंदूक मला ओळखते.
शहाण्णव साली, मागच्या अंगणात,
एका हातात माझी पत्रं घेऊन
वडिलांनी ती माझ्यावर रोखली होती.
आत काडतूस नव्हतं रे, आई वर्षभर सांगत राहिली,
मला की स्वतःला, कळलं नाही.
त्या दिवसापासून कुठल्याही शांत झोपेच्या टोकाला
दोन काळी भोकं असतात, शेजारी शेजारी.
आता तीच मला मिळणार, आत्मरक्षणासाठी.
कुणापासून, हे फॉर्म विचारत नाही.

धाकट्याने ना-हरकतीवर सही केली.
तू काय करणार रे बंदूक?
तेल देईन, म्हणालो.

निवडणूक लागली की सगळी हत्यारं ठाण्यात जमा.
शहराचे खांदे एकाएकी रिकामे, एका बाजूला कललेले,
जू काढलेल्या बैलासारखे.
वराती नुसत्या बँडवर निघतात.
तेवढे दिवस सगळं ग्वाल्हेर आमच्याइतकंच निःशस्त्र असतं,
आणि मी नि भानुप्रताप संध्याकाळी
उरवाईच्या चढाने किल्ल्यावर चालत जातो.
हात धरून नाही.
करंगळीला करंगळी लागेल, इतपत.

आचारसंहितेला अजून बारा दिवस आहेत.
कागद मशीनवर तसाच.
मागे एक म्हातारा ताटकळतोय, दम्याचा, त्यालाही परवाना हवा आहे.
कारण काय लिहू, भैया?
जे सगळे लिहितात तेच, मी म्हणालो,
आणि माझ्या रकान्याशी आलो.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच
'ज' शोधायला मला खाली बघावं लागलं.