नग एक

गोदामात सात महिने पडून होती ती.
कागदावर लिहिलेलं : खेळाचं सामान, नग एक.
पाठवणारा तिबिलिसीचा, घेणाऱ्याचा फोन बंद.
डॅमरेज चढत गेलं. मग साहेब म्हणाला,
पाष्टे, भंगारात टाक, नाहीतर घरी ने.
मी घरी नेली.
शारजात घर म्हणजे एक खाट, अर्धं कपाट
आणि तिघांत मिळून एक खिडकी.

एक चाक. एक सीट. दोन पेडल.
धरायला काहीच नाही, ही गोष्ट
हातांना पटायला पहिला आठवडा गेला.

इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, रात्री अकरानंतर,
खांब नंबर चौदाला मिठी मारून मी चढतो.
खांबाचा पिवळा रंग तळव्यांना लागतो,
वरून कुणाच्या तरी एसीचं पाणी ठिबकतं,
हवा अशी, की ओला टॉवेल तोंडावर दाबून धरलाय.
अर्धा फेरा. धप्प.
अर्धा फेरा. पेडल नडगीवर. धप्प.
सिल्हेटचा मोतालेब, वॉचमन,
प्लास्टिकच्या खुर्चीतून मोजतो.
त्याच्या हिशोबात मी जूनमध्येच दोनशे ओलांडले.

तिसऱ्या मजल्यावरची रेवा इथेच जन्मली.
मराठी बोलते, पण प्रत्येक शब्द
उलटा करून खाली काय लिहिलंय ते बघते.
काका, पडलात?
मग म्हणते, बाबा आजारी पडले, आईला घर महाग पडतं,
मला काल स्वप्न पडलं.
आपल्यात सगळं पडतंच का?
मी नडगी चोळत बसलो.
प्रश्नसुद्धा पडतो, बाई.
नोकरीही पदरात पडली होती माझ्या,
केवढे पेढे वाटले होते तेव्हा.

वृषालीला व्हिडिओवर दाखवली.
ती देवरुखला, ओट्याशी, मागे कुकर.
दुसरं चाक कुठंय? अर्ध्या किमतीत मिळाली काय?
मी म्हटलं, हिला एकच असतं.
ती थांबली. शिट्टी होऊ दिली.
तुझ्या मामांनी लग्नात भाषण ठोकलं होतं, आठवतं?
संसाररथाची दोन चाकं वगैरे.
आणि गॅस बारीक करत, मीठ मागावं तशा आवाजात,
शिकलास की सांग मला, कसं ते.
मी एकोणीस वर्षं न शिकताच चालवतेय.

त्या रात्री खाली गेलो नाही.

मग हळूहळू कळत गेलं.
वजन पायांवर घ्यायचं नाही, सीटवर सोडायचं.
चाकाकडे बघायचं नाही, ते आहेच.
बघायचं खांब पंधराकडे.
आणि पुढे, मुद्दाम, पडायला लागायचं,
इतकंच, की चाकाला
आपल्याखाली येऊन पोचायला वेळ मिळेल.
मग पुन्हा पडायला लागायचं.
दमलो म्हणून मधे जरा टेकू, असं नसतं यात.

ऑगस्टमधल्या एका रात्री चौदा सुटला.
पंधरा आला, हात पुढे गेला,
आणि मी त्याला न शिवता गेलो.
एका लँडक्रूझरच्या धुळीत कुणी बोटानं नाव लिहिलेलं,
ते जाता जाता वाचलंसुद्धा.
सोळापाशी पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं.
मोतालेब खुर्चीतच झोपलेला. मोजणारं कुणी नाही.

देवरुखला तेव्हा एक वाजत आलेला.
तरी फोन लावला.
पहिल्याच रिंगला उचलला तिनं.
एवढ्या रात्री जागी कशी, हे मी विचारलं नाही.
सोळापर्यंत गेलो, म्हटलं.
पडलास?
उतरलो.
बरं, म्हणाली. मग सांग.
मी घाम पुसला, भिंतीला टेकलो, सुरुवात केली,
पहिलं म्हणजे, धरायला काहीच नसतं.
ते ठाऊक आहे, ती म्हणाली.
पुढचं सांग.