काही लागत नाही

देवपुरातल्या नर्सरीत तो पोरगा म्हणाला,
"न्या ताई, याले काही लागस नही.
ऊन नही, खत नही. पानी इसरी ग्यात तरी चाली."
मी सत्तर रुपये दिले
आणि हे वाक्य आधी कुठे ऐकलंय ते आठवत
रिक्षात बसले, कुंडी मांडीवर घेऊन.

त्याची पानं म्हणजे पानं नाहीतच तशी.
उभ्या पट्ट्या, हिरव्यावर करड्या लाटा, कडेला पिवळी किनार,
कापडाच्या दुकानातल्या गजासारखी ताठ.
पुतणी पुण्याहून आली, बघताच हसली:
"काकू, याला सासूची जीभ म्हणतात."
आतल्या खोलीत सासूबाई पडून होत्या.
उजवी बाजू जाऊन दोन वर्षं झाली, बोलणंही तेव्हाच गेलं.
पुढे कोणी हसलं नाही.

आमच्याकडे नळ आठव्या दिवशी.
ती रात्र जागायची असते: आधी प्यायचं, मग दोन ड्रम,
मग बादल्या, पातेली, कुकरचं भांडंसुद्धा.
सासूबाईंच्या चादरी. ह्यांची अंघोळ.
तळाशी गढूळ उरतं ते झाडाला, एक वाटी,
तेही एका नळाआड.
कूलरच्या खिडकीत जागा नव्हती,
म्हणून बोळीत, चपलांच्या रॅकवर ठेवलं,
जिथे भर दुपारी दिवा लावावा लागतो.

पहिल्या वर्षी, बिचारं म्हणून,
चैत्रात रोज तांब्याभर घालत होते.
एक पान बुडाशी पिवळं पडलं,
हातात आलं, भाजलेल्या वांग्यासारखं मऊ.
तेव्हापासून दया बंद.
मग ते वाढलं.

लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात
बोरकुंडच्या पाहुण्यांसमोर सासूबाई म्हणाल्या होत्या,
"मनी सून भलती गुनी. इले काही लागस नही."
मी चहा घेऊन दारात उभी,
आणि मला इतकं बरं वाटलं
की पुढची एकवीस वर्षं मी खरंच काही मागितलं नाही.
एकदा चष्मा मागितला.
तो आणून दिला त्यांनीच, खरं सांगायचं तर.

यंदा वैशाखात पारा सेहेचाळीस, वीज गेलेली.
रात्री दीडला सासूबाईंनी खाटेवर डावा हात आपटला.
पाणी? नको. कूस बदलू? नको. उशी?
नाक वर केलेलं, बोट बोळीकडे.
मोबाइलचा दिवा घेऊन गेले.
कुंडी चिरली होती, काठापासून बुडापर्यंत,
फटीतून मुळं बाहेर, जाड, पांढुरकी, एकमेकांत कोंडलेली.
आणि पानांच्या मधून एक दांडा निघालेला,
त्यावर बारीक हिरवट-पांढरी फुलं, पाकळ्या मागे वळलेल्या,
प्रत्येकाच्या देठाशी एक थेंब.
बोटावर घेतला. गोड.
किती दिवस चाललं होतं हे?
चपला काढता-घालता कोणालाच कळलं नाही,
मलाही नाही.

चिरलेली कुंडी कवेत धरून त्यांच्या खाटेशी आणली.
त्यांनी एका पानाची किनार दोन बोटांत धरली,
कापसाची प्रत बघतात तशी,
मग माझ्याकडे बघितलं.
तोंडातून काहीतरी आलं.
'ला' होता त्यात, शेवटी 'स'.
मधलं मला ऐकू आलं नाही, की त्यांनाच जमलं नाही.
पण पुढे 'नही' नव्हतं.
मी थांबून खात्री केली. नव्हतं.

सकाळी फरशीवर चिकट थेंब, त्यांना मुंग्या लागलेल्या.
पुसलं नाही.
नळाला अजून तीन दिवस होते.
मी अख्खी बादली घेऊन अंघोळ केली,
आणि ओल्या केसांनीच
मोठी कुंडी आणायला गेले.