बिनभाराचा काटा

अवधानच्या एमआयडीसीत, शेडच्या मागच्या टोकाला
डायनो उभा आहे.
आग्रा रोडचे ट्रक इंजिन उतरवून देतात,
बोअर होतं, रिंगा बसतात, क्रँक घासून येतो,
आणि शेवटी इथं, माझ्याकडे,
किती एचपी परत आली ते विचारायला.

लोकांना वाटतं, हे यंत्र काहीतरी करतं.
इंजिन जीव तोडून फिरतं
आणि हे पोटात पाणी धरून म्हणतं, नको.
त्या नकोचं वजन म्हणजे आकडा.
बाकी सगळी ताकद कोमट होऊन टाकीत जाते,
थंडीत पोरं तिच्यात हात धुतात.

माझं काम त्याच्या आधीचं.
बोअरवेलच्या पाण्यानं रोटरच्या कप्प्यांत धरलेला
पांढरा क्षार खरवडायचा,
घरी चहाच्या पातेल्याला धरतो तोच.
ग्रीस दोन पंप. तिसरा नाही, बेअरिंग तापतं.
निंबा मिस्तरी म्हणायचे,
"जास्ती खावाडीसन बी मानूस मरस, भो."
मलाही भोच म्हणायचे.
शेडमध्ये बाईसाठी वेगळा शब्द नव्हता.

कॅलिब्रेशनला बाहूवर ताट लटकवते.
वजनं लाकडी पेटीत, आतली मखमल उंदरांनी खाल्लेली.
दहा, वीस, तीस, लिहीत चढायचं,
मग एकेक काढत, लिहीत उतरायचं.
चांगलं यंत्र चढताना जे बोलतं
तेच उतरताना बोलतं.
माणसांचं मी काही म्हणत नाहीये.

त्या मे महिन्यात पान्हासुद्धा फडक्यानं धरावा लागे.
सगळी वजनं काढली, ताट काढलं,
आणि काटा सव्वा किलोवर.
काहीच लटकलेलं नाही, तरी भार.

कापुरे शेठ म्हणाले, बटण दाब, शून्य कर, संपलं.
बटणानं शून्य होतं.
खोटं कशाला, दरवर्षी मीही तेच करत आले होते.
पण या वेळी सकाळी शून्य केलं
आणि जेवून आले तर पुन्हा दीड.

दोन दिवस गेले.
लोडसेल बदलून पाहिला. वायरी हलवून पाहिल्या.
ट्रनियनची बेअरिंगं उघडली, रॉकेलमध्ये धुतली,
ती निर्दोष, नव्या नाण्यासारखी.
तिसऱ्या दिवशी माठातलं पाणी पिताना
सहज तिकडं बघितलं:
पाण्याचा रबरी पाइप.
आठ उन्हाळे खाऊन लाकूड झालेला,
डायनोच्या खांद्याला धरून
एका बाजूला हळूच ओढत.
मिस्तरींनी जायच्या वर्षी बसवलेला,
क्लिप दोनदा आवळून, पक्का.

नवा नरम पाइप आणला, झोळीसारखा सैल सोडला.
काटा खाली आला. थरथरला.
बसला.

सोमवारी बोरसेंचं सहा सिलिंडरी चढवलं.
मागच्या खेपेला एकशे अडतीस,
आज एकशे पस्तीस.
बोरसे म्हणाले, ताई, माझे तीन घोडे कुठं बांधून ठेवले?
म्हटलं, ते तुमचे नव्हतेच, पाइपचे होते.
ते हसले नाहीत. शेठ तर आठवडाभर नाही.

फाइल काढली. आठ वर्षांची सर्टिफिकेटं,
खाली माझीच सही, कोपऱ्यावर चहाचे डाग.
पाइप ओढायला कधी लागला, कोण सांगणार?
पहिल्या वर्षी नसेल. चौथ्या असेल.
आकडा तीनचा एकदम थोडाच झाला असेल,
दरसाल मूठभर वाढत आला असेल, आणि गिऱ्हाईक खूश.
खोडलं काही नाही.
चौथ्या वर्षापासून पुढं, समासात, पेन्सिलीनं
एकेका पानावर लिहिलं: पाइप.

रात्री शिरपूरला मिस्तरींना फोन लावला.
सगळं सांगितलं, क्लिपचं सोडून.
बराच वेळ पलीकडून नुसता पंखा ऐकू येत होता.
मग म्हणाले, "आते नरम शे ना?"
हो म्हणाले.
"मंग ढिल्लाच ठेव, भो.
आनि पेटीमानी मखमल बदली टाक."